पाहुणी डिस्क

७ फेब्रुवारी, सकाळ

मामा,

तुम्ही फोन उचलणार नाही हे माहीत आहे, का उचलणार नाही हेही पाठ आहे. "कामाच्या सूचना तोंडी द्यायच्या नाहीत. सांगणारा अर्धं सांगतो, ऐकणारा अर्धं ऐकतो." म्हणून मेल लिहिते आहे.

थोरली मेली. काल संध्याकाळी अपडेट टाकून रीस्टार्ट केली ती उठलीच नाही. क्लाउडच्या पानावर तिच्यापुढे हिरवा ठिपका आहे, "चालू" असं लिहिलंय, पण आत जाता येत नाही. पडद्याचा फोटो जोडला आहे. सोमवारच्या सगळ्या भेटी तिच्यात आहेत. कोण येणार, कुणाचा हात, कुणाचा पाय, कुणाची कितवी खेप, सगळं. धाकटी ठीक आहे, पण तिच्यात फक्त मापं असतात.

आमचे प्लास्टरकाका, पूर्वी प्लास्टरने मापं घ्यायचे ते, दारात उभं राहून म्हणाले, "आम्ही लोकांचे पाय फळीवर ठेवत होतो, ढगात नाही. फळी कधी रुसली नाही." डॉक्टरबाई दोनदा येऊन गेल्या. मामा, या कृत्रिम हातापायांच्या केंद्रात ही दोन मशीनं तुम्ही उभी केलीत, आणि मला इथे चिकटवलंत तेही तुम्हीच. माझी नोकरी अजून कच्ची आहे. काय करू?

भिंगरी


७ फेब्रुवारी, दुपार

भिंगरे,

"मेली" म्हणू नकोस. मेलेलं यंत्र निराळं आणि न उठणारं यंत्र निराळं. कॉलेजची पायरी न चढता मी रेडिओपासून इथवर आलो. मेलेली यंत्रं फार थोडी पाहिली, रुसलेली फार.

तुझ्या फोटोतली शेवटची ओळ वाच. ती एका डिस्कची वाट बघत बसली आहे. मागच्या महिन्यात तुमच्या ऑफिसने एक जास्तीची डिस्क "वापरात नाही" म्हणून काढून टाकली. पण उठताना कुणाकुणाला हाक मारायची त्या यादीत तिचं नाव तसंच राहिलं. एक माणूस गावाला गेलाय हे कुणी सांगितलं नाही, म्हणून सगळं घर ताटावर बसून राहावं, तसं झालंय.

थोरलीत शिरता येत नाही, तर तिची डिस्क बाहेर आणून निरोगी बहिणीला जोडायची. आधी थोरली बंद कर. तिच्या डिस्कची नक्कल काढ. मूळ डिस्कला हात लावायचा नाही. ती नक्कल धाकटीला पाहुणी म्हणून जोड. धाकटीत बसून पाहुणीतली ती यादी उघड आणि नसलेल्या डिस्कची ओळ काढ. पाहुणीतली, धाकटीची स्वतःची नव्हे! दोन्ही याद्या अगदी सारख्या दिसतील, कारण दोघी मी एकाच साच्यातून काढल्या आहेत. केसाचाही फरक नाही. मग दुरुस्त पाहुणीची आणखी एक नक्कल काढून ती थोरलीला बसव. पाहुणी दोन-तीन दिवस धाकटीपाशीच राहू दे, न जाणो थोरलीने पुन्हा मान टाकली तर.

आणि शेवटी धाकटी एकदा बंद करून चालू कर. दुरुस्तीनंतर यंत्र थंड होऊन पुन्हा गरम झाल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. ही माझ्या दुकानाची रीत आहे आणि ती ढगालाही लागू.

तुझा मामा


८ फेब्रुवारी

मामा मामा मामा,

उठली! सगळ्या भेटी जिथल्या तिथे. मी ओरडले तर वॉचमन धावत आला.

डॉक्टरबाई तुम्हाला स्वतः पत्र लिहिणार आहेत. प्लास्टरकाका म्हणाले, "तुझा मामा डॉक्टर व्हायला हवा होता. पेशंटला न शिवता बरं करतो." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

धाकटीपण रीस्टार्ट केली, चुटकीसरशी वर आली. एक विचारू? ती तर चांगली चालू होती. तिला कशाला बंद करायची ते मला कळलं नाही. पण तुम्ही सांगितलंत म्हणजे असेलच काही.

भिंगरी


११ फेब्रुवारी, सकाळ

भिंगरे,

डॉक्टरबाईंचं पत्र पोचलं. "कोणत्याही औपचारिक शिक्षणाविना मिळवलेलं असामान्य ज्ञान" असे त्यांचे शब्द आहेत. मामी म्हणाली, "आता पाचव्यांदा वाचलंत तर झिजेल." एक प्रत त्यांनी केंद्रात लावायचं ठरवलंय असंही कळलं. मला अशा गोष्टींची हौस नाही, पण फ्रेम लाकडी असावी.

कशाला बंद करायची, म्हणतेस. भाजीत मीठ कशाला, असं विचारण्यातला प्रकार आहे हा. काही गोष्टी हाताला कळतात.

आता पाहुणीला निरोप दे. धाकटी बंद कर, पाहुणी सोडव, धाकटी चालू कर. सोडवलेली डिस्क आजच पुसून टाक. काम संपल्यावर सामान साठवून ठेवणाऱ्यांची मला चीड आहे.

तुझा मामा


१४ फेब्रुवारी

मामा,

सोमवार आणि मंगळवार नाहीत.

स्कॅनरने घेतलेली मापं आठवडाभर धाकटीच्या स्वतःच्या डिस्कवर साठतात आणि शनिवारी मी ती मोठ्या साठ्यात हलवते. आज हलवायला गेले तर बुधवारी दुपारपासूनची आहेत, त्याआधीची नाहीत. त्या दोन दिवसांचं फोल्डर रिकामं नाही, फोल्डरच नाही. बॅकअप उघडले, त्यांतही नाहीत. अकरा माणसं आहेत, मामा.

त्यांतल्या एक शिंपीणबाई. गुडघ्याखाली पाय नाही. दुकान बंद ठेवून, दिवसभर बसने येतात. सोमवारी स्कॅनरसमोर मांडी न हलवता बसल्या होत्या, मी विनोद केला तर म्हणाल्या, "हसवू नकोस गं, टाका सुटेल." त्यांच्या जुन्या पायाचा दांडा आणि पाऊल नव्यात बसवायचं म्हणून कार्यशाळेने जुना पाय लगेच सोडवला. आता जुना पाय सुटा झालाय आणि नव्याला माप नाही. बाई कुबड्यांवर आहेत. शिवणयंत्राचं पायडल कुबडीने चालत नाही.

मी चुकीचं काही पुसलं का? तुम्ही सांगितलं तेवढंच पुसलं होतं.

भिंगरी


१६ फेब्रुवारी

भिंगरे,

घाबरून जाऊ नकोस. माझ्या सूचना मी पुन्हा वाचल्या. त्यांत मापांच्या फोल्डरचा उल्लेखसुद्धा नाही, तेव्हा त्यांच्यामुळे काही झालं नाही हे उघड आहे. स्कॅनर तपास. स्कॅनरवाल्याने मधल्या दिवसांत काही बदललं का? तूच घाईत मापं भलतीकडे हलवलीस का? आठवून बघ.

आणि "फोल्डरच नाही" असं लिहू नये, "दिसत नाही" असं लिहावं. अशा वेळी शब्द नेमके लागतात.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

स्कॅनर ठीक आहे. मी काही हलवलेलं नाही.

चौकशी सत्तावीसला आहे. तोवर मला मशीनवरून काढून स्वागताच्या टेबलावर बसवलंय. अकरा जणांना पुन्हा या म्हणून फोन करायचं काम माझ्याकडेच आहे. एक आजोबा म्हणाले, "पोरी, माझा हात होता तिथेच नाही अजून, तुम्ही कसा हरवलात?" शिंपीणबाई "चार मार्चला येते," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एकच विचारते. पाहुणी जोडलेली असताना मी धाकटी रीस्टार्ट केली. तेव्हा ती कुणाच्या डिस्कवर उठली असेल? तुम्हाला काय वाटतं?

भिंगरी


२५ फेब्रुवारी

मामा,

पत्र नाही. माझ्या साध्या निरोपातली चूकसुद्धा तुम्ही तासाभरात दुरुस्त करून पाठवता. आईला विचारलं, ती म्हणाली, "दादा बरा आहे. कपाट आवरतोय."

मी आज लिहून दिलं. "माझ्या हातून चुकीची डिस्क पुसली गेली." ते खोटं नाही, हात माझाच होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, कबूल केलंस म्हणून नोकरी बहुधा राहील, पण मशीनं पुन्हा हातात मिळायची नाहीत.

तुम्हाला कळवावं म्हणून कळवते.

भिंगरी


२६ फेब्रुवारी

भिंगरे,

धाकटी पाहुणीच्या डिस्कवर उठली.

तू एकोणीसला विचारलंस. मला सतराला सकाळीच ठाऊक होतं. तुला सोळाचं ते पत्र पाठवलं आणि मनात कुसळ राहिलं म्हणून घरी दोन मशीनं उभी केली, एकाच साच्यातून, आणि तुला सांगितलं ते सगळं स्वतः केलं. पाहुणी जोडून मशीन रीस्टार्ट केलं. ते पाहुणीवर उठलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

यंत्र उठताना आपली डिस्क तिच्या आतल्या ओळखक्रमांकावरून शोधतं. एका साच्यातून काढलेल्या डिस्कचा क्रमांकही एकच असतो. धाकटीने उठताना हाक मारली, आणि दोघींपैकी जी आधी "ओ" म्हणाली तिच्या घरात ती राहायला गेली. रविवारी ती तिथे गेली. सोमवार-मंगळवारची मापं तिथेच उतरली. बॅकअप मात्र तिच्या स्वतःच्या डिस्कचा होत राहिला, कारण तो मीच तसा लावला होता. बुधवारी मी तुला सांगितलं, पाहुणीला निरोप दे आणि पुसून टाक.

साचा माझा. रीस्टार्ट माझा. पुसणं माझं. त्या रीस्टार्टची तर गरजच नव्हती. ढगातलं यंत्र थंड होत नाही आणि गरमही होत नाही. तू विचारलंस आणि मी मिठाचा दाखला दिला.

नऊ दिवस गप्प बसलो त्याबद्दल. "अपमानाची भीती नव्हती" असं एक वाक्य लिहून खोडलं. भीती होती. लोक म्हणतील, शेवटी शिकलेला नाही ना. हे कुणीतरी म्हणेल म्हणून मी जन्मभर तयारीत बसलोय, आणि वेळ आली तेव्हा माझ्यापुढे तुला उभी केली. तू एकोणीसला तो प्रश्न विचारलास तेव्हा मला वाटलं, पोर हुशार आहे, तिला कळेल; मग मी सांगायची गरज नाही. असाही विचार केला. कपाट तीनदा आवरलं. मामीने विचारलं, काय झालंय. सांगितलं. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या चुका सांगायला तुम्हाला कधी एवढे दिवस लागले नाहीत."

डॉक्टरबाईंना सगळं लिहून आत्ताच पाठवलंय. उद्याच्या चौकशीआधी त्यांना मिळेल. तुझी कबुली फाडायला सांग.

मामा


२८ फेब्रुवारी

मामा,

त्यांनी तुमचं पत्र चौकशीत मोठ्याने वाचलं. सगळ्यांसमोर.

वाचून झाल्यावर डॉक्टरबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बघा. याला म्हणतात मोठं मन. भाचीवर बालंट आलं तर माणसाने सगळं अंगावर घेतलं." मग माझ्याकडे वळून, "तुला जाणीव आहे ना, असा मामा मिळायला भाग्य लागतं?" हिशेबनीस टाळ्या वाजवणार होते, प्लास्टरकाकांनी त्यांचा हात धरला. मी म्हटलं, खरंच तसं झालंय. तर म्हणाल्या, "ज्यांनी थोरली पत्रातून उठवली ते असली चूक करतील? पुरे आता." आणि त्यांच्या डोक्यामागे तुमची फ्रेम. लाकडीच आहे.

मला अठराला कळलं होतं. यंत्र उठलं-निजलं की स्वतःच्या डिस्कवर नोंद करतं. धाकटीच्या डिस्कवर रविवारपासून बुधवारपर्यंत एक ओळ नाही. त्या दिवसांत ती स्वतःच्या घरी नव्हतीच. म्हणून तर एकोणीसला विचारलं. मला उत्तर नको होतं, मामा. तुम्ही सांगायला हवं होतं.

रोज मेल उघडून बघत होते. मग वाटलं, आता हे सांगायचे नाहीत, आणि मी तुमचं नाव घेतलं तर आईसमोर उभी कशी राहू? म्हणून लिहून दिलं. रागावले आहे. खूप. आणि आता तुमच्या खरेपणाचंही कौतुकच झालं, त्याचा आणखी राग आहे.

भिंगरी


१ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र वाचून घरात बसवेना. डॉक्टरबाईंना कळवलंय की बुधवारी येतो. पत्रावर विश्वास नसेल तर करून दाखवतो. चूक आहे, ती सगळ्यांना दिसेल अशी करता आली पाहिजे.

तू आत येऊन बस.

मामा


२ मार्च

मामा,

मी आत येणार नाही. तुमची फजिती बघणं मला जमायचं नाही. आणि तुम्ही जिंकलात तर तेही बघायचं नाही.

टेबलावर असेन. आल्यावर सही करा, सगळ्यांना करावी लागते.

भिंगरी


५ मार्च

भिंगरे,

काल सही करताना तू वर बघितलं नाहीस. बरोबर केलंस. आत काय झालं ते इतरांनी सांगितलं असेल, पण त्यांनी जे पाहिलं नाही ते मी लिहितो.

वेळेच्या आधी पोचलो होतो म्हणून मापांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. शेजारी एक बाई होत्या, बाजूला कुबड्या, पदरावर टाचण्या टोचलेल्या. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुमचं काय? हात की पाय?" मी म्हटलं, "माझं सगळं धड आहे." इतकं चुकीचं वाक्य मी जन्मात बोललो नसेन. मग सांगितलं, तुमचं माप माझ्यामुळे गेलं. त्या रागावल्या नाहीत आणि "असू द्या"ही म्हणाल्या नाहीत. आतून हाक आली तेव्हा म्हणाल्या, "बरं. मग तेवढी कुबडी धरा, मला उठू द्या." मी धरली. त्या उठल्या. कुबडीची मूठ घामाने ओली होती, माझ्या की त्यांच्या, सांगता येत नाही.

मग बैठकीची खोली. एका साच्यातून दोन मशीनं काढून ठेवली होती. एकीच्या डिस्कवर लिहिलं "मी धाकटी", दुसरीच्या डिस्कवर "मी पाहुणी", आणि ही दुसरी डिस्क पहिल्या मशीनला जोडली, म्हणजे जी उठेल ती पडद्यावर आपलं नाव सांगेल. डॉक्टरबाई म्हणाल्या, "खरंच याची गरज नाही हो." मी म्हटलं, आहे. रीस्टार्टचं बटण प्लास्टरकाकांनी दाबलं; मी सांगितलं, माझ्या हाताने नको. बटणावर पांढरं बोट उमटलं.

पडदा काळा झाला. आता हे फक्त तुला सांगतो. या खेळात दोघींपैकी कुणीही आधी ओ देऊ शकते. घरी दोन्ही वेळा पाहुणीने दिली, पण इथे देईलच असं नाही. त्या काळ्या पडद्यासमोर मी मनात म्हणत होतो, धाकटी उठू दे. "मी धाकटी" असं आलं असतं तर मी सुटलो असतो. मोठ्या मनाचा म्हणून त्या फ्रेमसकट घरी परतलो असतो. एवढं सगळं लिहून, कुबडी धरून, एवढ्या लांब येऊन मी तेच मागत होतो. तसं झालं असतं तर पुन्हा करून दाखवलं असतं का? "हो" लिहायला हात तयार आहे. मला ठाऊक नाही.

"मी पाहुणी" आलं.

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "हे रीस्टार्ट गरजेचं होतं?" नव्हतं, म्हटलं. "मग का सांगितलंत?" म्हटलं, सवय. "आणि तिने विचारलं नाही?" विचारलं होतं, म्हटलं, तिनेच एकटीने विचारलं होतं. तेव्हा त्यांनी तुझा कबुलीचा कागद मागवला.

फ्रेम काढायला मी हात घातला नाही. ते नाटक झालं असतं, आणि नाटकाची मला आता धास्ती वाटते. निघताना प्लास्टरकाका दारापर्यंत आले. म्हणाले, "आमच्या हातून चूक झाली की प्लास्टर फुटतं, बाहेरपर्यंत ऐकू जातं. तुमच्या कामाला आवाजच नाही हो." मी मान हलवली. तुझ्या टेबलावरून गेलो तेव्हा तू फोनवर होतीस. थांबलो नाही.

यापुढे तुला सूचना लिहिणार नाही. हा रुसवा नाही. मी लिहिल्या तर तू पाळशील, एवढंच.

मामा


२१ मार्च

मामा,

मशीनं सोमवारपासून पुन्हा माझ्याकडे आहेत. नोकरी अजून कच्चीच. डॉक्टरबाई माझ्याशी जरा घाबरून बोलतात, ते मला आवडतं.

अकरांपैकी नऊ जण आले. एका आजींनी सांगितलं, आता एवढा प्रवास झेपत नाही, जुन्यावरच भागवते. त्यांच्याकडे आम्ही पुढच्या आठवड्यात स्कॅनर घेऊन जाणार आहोत. अकरावा माणूस फोन उचलत नाही. शिंपीणबाईंचा पाय झाला. दांडा जुनाच, म्हणून त्यांनी तो आधी वाजवून बघितला. तुमच्याबद्दल काही विचारलं नाही.

दोघींच्या डिस्कचे ओळखक्रमांक मी वेगळे केले. आता त्या एका साच्यातल्या राहिल्या नाहीत. तुम्हाला वाईट वाटेल, पण वाटू दे.

राग पुष्कळसा गेलाय. थोडा आहे, तो ठेवणार आहे. तुमच्या पाचच्या पत्रातला काळा पडदा मी पुन्हा पुन्हा वाचला. ते लिहिलं नसतंत तर हे पत्र लिहिलं नसतं.

थोरलीला नवीन अपडेट आलंय. रविवारी टाकणार. न उठली तर काय काय करायचं ते मी ओळीने लिहून सोबत पाठवते आहे, प्रत्येक ओळीपुढे "का" तेही लिहिलंय. तुम्ही सूचना द्यायच्या नाहीत. फक्त यात माझी चूक शोधायची.

सापडली तर त्याच दिवशी सांगा.

भिंगरी